ओबरामेरगाउचा नवस

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा होतांच आमच्या डोळ्यांसमोर एक दूरचें गांव उभें राहिलें. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत, आल्प्स पर्वताच्या कुशींत वसलेलें, सुमारें पांच हजार वस्तीचें ओबरामेरगाउ.

१६३३ सालीं तेथें महामारीनें कहर केला. तेव्हां ग्रामस्थांनीं नवस केला कीं, संकट टळल्यास दर दहा वर्षांनीं प्रभु येशूच्या दुःखसहनाचें नाटक आम्ही करूं. परंपरा सांगते कीं, त्यानंतर महामारीनें तेथें एकही बळी घेतला नाहीं. १६३४ सालीं पहिला प्रयोग झाला, तो देवळाशेजारच्या दफनभूमींत, मृतांच्या थडग्यांवर मंच उभारून.

या नाटकांत बाहेरचा नट चालत नाहीं. जो त्या गांवीं जन्मला किंवा वीस वर्षें राहिला, त्यालाच भाग घेतां येतो. शेतकरी, सुतार, दुकानदार, शाळेंतील मुलें, सारे मंचावर येतात. पुरुष वर्षभर आधींपासून केंस व दाढी राखतात. संगीत रचिलें तें गांवच्याच शाळामास्तरांनीं, रोखुस डेडलर यांनीं. एकोणिसाव्या शतकांत संहिता सुधारली ती तेथील धर्मगुरु फादर डायझेनबर्गर यांनीं. रस्त्यानें जावें तर घरांच्या भिंतींवरही चित्रें दिसतात. फ्रान्झ त्स्विंक या चित्रकारानें १७८४ सालीं रंगविलेलें 'पिलातगृह' आजही तेथें उभें आहे. कला तेथें कोंडून ठेवलेली नाहीं; ती वाटेवर व गांवकऱ्यांच्या कंठांत आहे.

परंतु, बंधुभगिनींनो, या नवसाला एक डागही होता, तो लपविणें उचित नव्हे. जुन्या संहितेंत प्रभूच्या मरणाचा दोष साऱ्या यहुदी लोकांच्या माथीं मारला होता. १९३४ सालीं तर हिटलर स्वतः प्रेक्षकांत येऊन बसला. पुढें १९६५ सालीं व्हॅटिकन धर्मपरिषदेनें असा दोषारोप अमान्य केला. तरीही गांवांत वाद पुष्कळ काळ चालला. १९९० पासून गांवचेच सुपुत्र क्रिस्टियान श्ट्यूकल यांनीं दिग्दर्शन हातीं घेऊन संहिता टप्प्याटप्प्यानें पालटली. आतां त्या मंचावर येशू यहुदी म्हणून, इब्री भाषेंत प्रार्थना करतांना दिसतो. विवाहित स्त्रियांनाही १९९० पासूनच भूमिका मिळूं लागल्या. २०२० सालचा प्रयोग नव्या साथीमुळें २०२२ वर गेला. पण नवस मोडला नाहीं.

पूर्वजांचा नवस पाळणें म्हणजे त्यांची चूकही पाळणें नव्हे, हेंच त्या गांवानें आम्हांस शिकविलें.

आपल्यालाही असाच ठेवा लाभला आहे. त्या नवसाच्या सतरा वर्षें आधीं, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' आपल्याच मराठींत ओवीबद्ध होऊन छापलें गेलें. तो वारसा कपाटांत ठेवण्यासाठीं नव्हे. या महोत्सववर्षीं आपल्या मुलांनीं तो गावा, वृद्धांनीं शिकवावा, आणि ज्यांना आजवर मंचावर जागा मिळाली नाहीं त्यांना ती मिळावी, हीच प्रभुचरणीं प्रार्थना. आमेन.