व्हिडिओ गेमची कॅसेट महाग का होती?

नव्वदच्या दशकात बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत उन्हाळी सुट्टी लागली, की शेजारपाजारची पोरं टीव्हीपुढे व्हिडिओ गेमला चिकटायची. गेम अडला, की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. करामत फुंकरीची नसे बरं का! पुन्हा खोचल्यावर धातूच्या पट्ट्या नीट टेकत, एवढंच.

नाव कॅसेट, पण आत फीत नव्हतीच. होता सर्किट बोर्ड आणि त्यावर रॉम चिप. खर्चाचं मूळ हेच. चिप कारखान्यात घडतानाच गेम तिच्यात कायमचा कोरला जाई. प्रत्येक गेमचा ‘मास्क’, म्हणजे चिप घडवायचा साचा, वेगळा; म्हणून ऑर्डर हजारोंनी आणि आगाऊ द्यावी लागे. गेममध्ये चूक सापडली, तर सगळा माल वाया!

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. गेम मोठा झाला, की चिपही महागडी. ‘झेल्डा’च्या अमेरिकी आवृत्तीत खेळ जपून ठेवायला बॅटरी होती, १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’मध्ये तर चक्क जादा प्रोसेसर. शिवाय कन्सोल बनवणाऱ्या कंपनीला परवान्याचे पैसे. पुढे सीडी आली आणि हा खर्च एकदम खाली आला.

मग आपल्याकडे कॅसेट स्वस्त कशी मिळे? बहुतेक माल नकली. परवाना नाही, आणि नीट बसवलेल्या चिपऐवजी बोर्डावर काळ्या इपॉक्सीच्या ठिपक्याखाली झाकलेली उघडी चिप. वर छापलेलं असे ‘९९९९ गेम’. प्रत्यक्षात मोजकेच गेम नावं बदलून पुन्हापुन्हा यायचे.