चिखल किती, डांबर किती?

मिरगाचा पाऊस तोंडावर आला की आमच्या टायरच्या दुकानात एक मागणी हमखास होते. ‘अण्णा, फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे. चिखलात रुतणार नाही असा दांडगा टायर दाखवा.’ कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या भागांत अशा जड गाड्या बऱ्याच आहेत. वाडीवरच्या आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं तर पावसाळ्यात पुष्कळदा हीच गाडी दाराशी येते. त्यामुळं तिच्या टायरची निवड हा नुसता हौसेचा विषय राहत नाही.

मागणी ऐकली की मी गिऱ्हाइकाला उलट विचारतो, ‘तुमच्या वाटेत चिखल किती आणि डांबर किती?’ मध्यंतरी भुदरगडकडचे एक पाहुणे आले होते. गाडी भाड्यानं चालवतात. त्यांनी हिशेब सांगितला. घरापासून सडकेपर्यंत दोन किलोमीटर लाल मातीचा रस्ता, पुढं तालुक्यापर्यंत पंचवीस किलोमीटर डांबर, त्यातही चढउतार आणि वळणं. मन मात्र मोठ्या ठोकळ्यांच्या मड टायरवर बसलेलं.

हा मड टायर चिखलात खरोखरच चांगला चालतो. त्याचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात. खाचेत शिरलेला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो आणि ठोकळ्यांच्या कडा पुन्हा माती धरतात. पण याच रुंद खाचांमुळं डांबरावर टेकणारं रबर कमी होतं. भर पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि वळणावर सरकण्याची भीती वाढते. आवाज होतो, डिझेलही जास्त लागतं. पण ती त्या मानानं किरकोळ गोष्ट.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवते. म्हणून गाडी निसरडा चढ चढते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून थांबायचं असेल तेव्हा तिचा फारसा उपयोग नाही. ब्रेक साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. दोन-अडीच टनांची गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांहून थोड्याशाच मोठ्या जागेवर. तिथल्या रबराची पकड असेल तरच गाडी थांबते.

पाहुण्यांना मी ‘ऑल टेरेन’ टायर सुचवला. त्याचे ठोकळे मध्यम असतात आणि त्यांवर बारीक चिरा असतात. ओल्या डांबरावर या चिरांच्या कडा पकड देतात, आणि दोन किलोमीटरची मातीही निभावते. ज्यांची गाडी दिवसभर शेतात, खाणीत किंवा जंगलवाटेनं फिरते, त्यांनी मड टायर खुशाल घ्यावा. मात्र डांबरावर आला की वेग कमी ठेवावा.

दुसरा मोह रुंदीचा. रुंद टायर वाळूवर तरंगतो, किनाऱ्यावर उपयोगी पडतो. आपल्याकडं जांभ्याच्या रस्त्यावर वरचा थर निसरडा आणि खाली कठीण दगड, अशी गत असते. तिथं अरुंद टायर वरचा चिखल कापून खालचा दगड गाठतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर होते आणि ती जगभरच्या चिखलातून फिरली.

उंचीचंही तसंच. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर. रिम बदलून २६५/७५ आर १६ बसवला तर तो सुमारे ८०४ मिलिमीटर होतो. मग काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६५-६६ च्या वेगानं धावत असते. ब्रेकवरही ताण येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत बदल करण्यावर बंधनं घालतं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापांतच राहावं, हे उत्तम.

आता वजन. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३० किलो. माणसं आणि सामान भरल्यावर मागच्या आसावर १५०० किलो आले, तर प्रत्येक मागच्या टायरवर ७५० किलो पडतात. टायर त्याहून वरचा हवा, कारण खड्ड्यात आदळताना भार क्षणभर कितीतरी वाढतो. कंपनीनं जो आकडा दिला आहे, त्याच्या खाली कधी उतरू नये.

हवेकडंही लक्ष हवं. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण कमी हवेचा टायर वजनही कमी पेलतो आणि वेगात तापतो. म्हणून डांबराला लागण्याआधी हवा पूर्ववत करावी. बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि हवेचा मीटर गाडीत ठेवला की काम भागतं.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानं कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावा. खाचेतल्या खुणा १.६ मिलिमीटरवर असतात. डोंगरातल्या पावसात त्या उघड्या पडेपर्यंत थांबू नये.

शेवटची गोष्ट, चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले असू द्या. नाहीतर फोर व्हील लावल्यावर गिअर आणि आस यांच्यावर ताण येतो. पाचवा, म्हणजे स्टेपनीही त्याच मापाची हवी. रात्री दोन वाजता, भर पावसात, मागच्या सीटवर बाळंतीण कण्हत असताना स्टेपनीत हवा आहे का हे बघायची वेळ येऊ नये. ते मे महिन्यातच बघून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)