साथीतला माणूस शोधताना



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून मोबाइलमधल्या एका ॲपबद्दल बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण २०२० साली आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये 'आरोग्य सेतू' येऊन बसले होते. काहींनी ते हौसेने घेतले, काहींनी भीतीने, काहींनी कचेरीचे पत्रक आले म्हणून. पुढे ते कधी काढून टाकले, हे फारसे कोणाला आठवत नाही. आपण ते विसरलो, याचेच मला कुतूहल आहे. ते ॲप कितपत खरे बोलत होते, त्याचा उपयोग किती झाला, आणि पुढची साथ आली तर पुन्हा आपल्याला काय घ्यायला सांगतील, हे प्रश्न तसेच पडून आहेत.

सुरुवात आपल्या शहरापासून करू. तेलंगणातला पहिला रुग्ण २ मार्च २०२० रोजी जाहीर झाला. दुबईहून बेंगळुरूला आलेला, तिथे नोकरी करणारा एक तरुण संगणक अभियंता. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तो बसने हैदराबादला घरी आला, ताप उतरेना म्हणून अखेर गांधी रुग्णालयात पोहोचला. मग आरोग्य खात्याची माणसे कामाला लागली: घरचे कोण, तपासणारे डॉक्टर कोण, आणि त्या रात्रीच्या बसमध्ये कोण कोण होते? तिकिटांची यादी काढून सहप्रवाशांना फोन गेले. संपर्कशोध म्हणतात तो हाच. यादी, फोन, दारावरची थाप आणि चार प्रश्न. शंभर वर्षांहून जुनी रीत आहे.

तिच्यात दोन उणिवा आहेत. बसची यादी मिळते, पण सुलतान बाजारात शेजारी उभे राहून भाजी घेणाऱ्याची यादी कोण देणार? दुसरी उणीव वेळेची. या विषाणूने लक्षणे दिसण्याआधीच पसरायला सुरुवात केलेली असते. माणूस आजारी पडणार, तपासणी होणार, अहवाल येणार, मग कर्मचारी फोन करणार. तोवर रोग पुढच्या घरी पोहोचलेला. ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी २०२० च्या वसंतात गणित मांडून दाखवले की हे काम फोनने आपोआप केले तर वेळ वाचेल. कल्पना मुळात खुळी नव्हती, हे आधी मान्य करू.

'आरोग्य सेतू' २ एप्रिल २०२० रोजी आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने ते चालवले. पहिल्या तेरा दिवसांत पाच कोटी लोकांनी ते घेतले. त्याची रीत अशी: दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकमेकांची खूण टिपून ठेवायची, जोडीला जीपीएसवरून तुमचे ठिकाण. पुढे एखाद्याचा अहवाल बाधित आला की त्याच्या फोनमधल्या खुणा सर्व्हरवर जायच्या आणि ज्यांच्याशी गाठ पडली त्यांना इशारा मिळायचा. शिवाय खोकला आहे का, ताप आहे का, असे प्रश्न विचारून ॲप तुम्हाला एक रंग देत असे.

आता ब्लूटूथ काय मोजते ते पाहा. ते अंतर मोजत नाही. समोरून आलेला संदेश किती जोरकस आहे एवढेच त्याला कळते, आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधला जातो. फोन मागच्या खिशात असेल तर मधले शरीर तो संदेश शोषून घेते. बसच्या पत्र्यावर तो आपटून परत येतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ट्राममध्ये फोन वाटून चाचणी केली, तेव्हा युरोपातल्या काही देशांच्या ॲपचे निकष नाणे उडवण्यापेक्षा फारसे बरे ठरले नाहीत. काचीगुड्यातल्या आपल्या जुन्या घरांत दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत असते. पलीकडच्या बिऱ्हाडाशी वर्षभर अबोला असला तरी ब्लूटूथच्या लेखी तुम्ही रात्रभर शेजारी झोपलेले असता! उलट, बंद खोलीत वीस फुटांवर बसून तासभर जोरजोराने बोलणारा माणूस त्याला दूरचा वाटतो. आणि हा रोग तर हवेतून जाणारा.

याहून मोठी अडचण साध्या अंकगणिताची आहे. गाठ टिपली जायला दोघांकडेही ॲप हवे. शंभरातल्या तीस जणांकडे ते असेल, तर शंभर भेटींपैकी तीस टिपल्या जातील असे वाटते. तसे होत नाही. तिसांतले तीस टक्के, म्हणजे नऊच. २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत सोळा कोटींवर लोकांनी आरोग्य सेतू घेतले होते. आकडा डोळे दिपवणारा, पण देशाच्या लोकसंख्येच्या तो सुमारे बारा टक्के. बाराचे बारा टक्के काढा: शंभर भेटींत जेमतेम दीड. शहरात हे प्रमाण जास्त असणार, मान्य. पण शहरातसुद्धा कामवाल्या बाईंचा, रिक्षावाल्याचा, दूधवाल्याचा फोन साधा असेल तर ज्या भेटी रोज घडतात त्याच निसटतात. साध्या फोनसाठी १९२१ ही दूरध्वनी सेवा काढली होती, पण ती लक्षणे विचारी. शेजारी कोण उभे होते ते तिला कळण्याचा मार्ग नव्हता.

हे झाले फोनचे. पण मूळ खबर कुठून येते? तपासणीतून. ज्याची तपासणीच झाली नाही त्याच्या वतीने ॲप कोणालाही इशारा देऊ शकत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात तेलंगणात तपासण्या इतक्या कमी होत होत्या की उच्च न्यायालयाला वारंवार सरकारची कानउघाडणी करावी लागली. आपल्याच शहरातली पुढची दोन संशोधने यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

पहिले सांडपाण्याचे. हबशीगुड्याची सीसीएमबी आणि शेजारची आयआयसीटी या संस्थांनी शहरातल्या सांडपाणी केंद्रांतले नमुने तपासले. बाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे अंश काही आठवडे बाहेर पडत असतात. त्यावरून त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये अंदाज दिला, की मागच्या सुमारे पस्तीस दिवसांत हैदराबादेत ६.६ लाख लोकांना हा संसर्ग झालेला असावा. त्या वेळी अख्ख्या तेलंगणात नोंदलेल्या रुग्णांची एकूण बेरीज एक लाखाच्या आत होती. ना नाव विचारले, ना फोन मागितला. गटारानेच शहराची नाडी सांगितली.

दुसरे रक्ततपासणीचे. सीसीएमबी, राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारत बायोटेक यांनी शहरातल्या तीस वॉर्डांतून नऊ हजार लोकांचे रक्त तपासले. निष्कर्ष मार्च २०२१ मध्ये आले. सुमारे ५४ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, म्हणजे निम्म्या शहराला रोग होऊन गेला होता. आणि अशा लोकांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला तो झाला होता याचा पत्ताच नव्हता. चारांतले तीन जण रोग घेऊन हिंडले, बरेही झाले, आणि त्या काळात त्यांच्या फोनवर बहुधा 'तुम्ही सुरक्षित आहात' असा हिरवा रंग झळकत होता. विमानतळावर, कचेऱ्यांच्या दाराशी आपण तो रंग दाखवून आत जात होतो. त्या हिरव्याचा अर्थ एवढाच होता की अजून आमच्याकडे तुमच्याविरुद्ध काही आलेले नाही.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२० मध्ये सरकारने माहिती दिली की ॲपच्या सूचनेवरून तपासणी करायला सांगितलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के बाधित निघाले. देशाचे सर्वसाधारण प्रमाण तेव्हा पाच टक्क्यांच्या आत होते. म्हणजे ॲपचे बोट अगदीच वाऱ्यावर नव्हते. मात्र त्यांत लक्षणे स्वतःहून सांगणारे किती आणि निव्वळ ब्लूटूथने पकडलेले किती, हे त्या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. खोकला असलेल्याला तपासायला पाठवणे हे आपले फॅमिली डॉक्टरही करतात.

परदेशात असे ॲप चालले नाही असेही म्हणता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२० मध्ये आलेले ॲप सुमारे २८ टक्के लोक नेमाने वापरत होते. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्याने तीन महिन्यांत निदान काही लाख रुग्ण टाळले असावेत. पण तिथे तपासणी मुबलक होती, आणि गाठींची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर न जाता फोनमध्येच राहत होती. विश्वास होता म्हणून वापर झाला, वापर झाला म्हणून उपयोग.

विश्वासाची गोष्ट निघाली की मराठी माणसाला १८९७ आठवणारच. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये तेलंगणा सरकारने कोविडचे नियम काढले ते याच कायद्याखाली. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून रँड आला. गोऱ्या सोजिरांनी घरे झडतली, रुग्णाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेले. लोकांनी काय केले? रुग्ण लपवले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी जे केले ते सर्वांना माहीत आहे; पण साथीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ते लपवणे होते. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. घराघरांत जाणारे दोन्हीकडे होते, हे विसरू नये.

आणखी एक मौज पाहा. सोजीर माणसे शोधत होते, आणि प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमधून. सिमाँने ते कराचीत दाखवले १८९८ साली. त्याच १८९७ च्या ऑगस्टमध्ये इथे, आपल्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहत होता. रोग कोणत्या वाटेने चालतो हे कळल्याशिवाय माणसांच्या मागे लागून काय साधते, याची दोन उत्तरे एकाच वर्षाने दिली, एक पुण्यात आणि एक बेगमपेठेत.

१ मे २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सरकारी आणि खाजगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू सक्तीचे केले. नोएडात तर ते फोनमध्ये नसणे हा गुन्हा ठरला. ज्यांच्या समितीने विदासंरक्षण कायद्याचा पहिला मसुदा तयार केला होता, ते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी या सक्तीला कायद्याचा आधार नाही असे स्पष्ट सांगितले. १७ मेच्या आदेशात सक्तीची भाषा सौम्य झाली. त्याच महिन्यात माहिती कोणाला द्यायची याचे नियम आले, ॲपची आज्ञावली खुली झाली. हे सगळे चांगलेच. पण आधी सक्ती, मग नियम, असा उलटा क्रम. सिंगापूरचा अनुभव तर बोलका आहे. ट्रेसटुगेदरची माहिती फक्त साथीसाठी, असे सांगून लोकांनी ती घेतली. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने कबूल केले की गुन्ह्याच्या तपासात पोलीस ती मागू शकतात. ज्या हैदराबादेत रस्त्यारस्त्यावर कॅमेरे आहेत, तिथल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग काय चालले? धारावीचे पाहा. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ लाखांवर वस्ती, सार्वजनिक संडास, खोलीला लागून खोली. ब्लूटूथने तिथे सगळ्यांनाच सगळ्यांचे शेजारी ठरवले असते. महापालिकेचे कर्मचारी आणि डॉक्टर दारोदार गेले, तापाची शिबिरे झाली, वेगळे ठेवलेल्यांना जेवण दिले. जेवण हा त्यातला कळीचा शब्द आहे. चौदा दिवस मजुरी बुडणार असेल तर 'तुमचा संपर्क आला होता' या इशाऱ्याचे कोणी काय करावे? आपल्याकडेही मे २०२१ मध्ये घरोघर तापाची पाहणी झाली. आशा कार्यकर्त्या दारात आल्या, ताप विचारला, औषधांची पिशवी हातात दिली. ज्यांना ती मिळाली त्यांना सेतूपेक्षा ती पिशवी नक्कीच जास्त आठवत असेल.

आणि चालणाऱ्या माणसांनी ज्ञानही दिले. तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशातल्या कर्मचाऱ्यांनी सुमारे ८५ हजार रुग्णांचे पावणेसहा लाख संपर्क नोंदवले होते. 'सायन्स' मासिकात सप्टेंबर २०२० मध्ये त्यावरचा अभ्यास आला. सुमारे सत्तर टक्के रुग्णांच्या नोंदलेल्या संपर्कांपैकी कोणालाच रोग झाला नव्हता, आणि निव्वळ आठ टक्के रुग्णांपासून साठ टक्के नवे रुग्ण झाले. तेव्हा रुग्णाला 'तू कोणाला भेटलास?' एवढे विचारून भागत नाही. 'तुला हा कुठे लागला?' हेही विचारावे लागते: कोणते लग्न, कोणती बैठक, कोणते बंद सभागृह. हा प्रश्न माणूस माणसाला विचारू शकतो, आणि उत्तर देणारा खरे बोलतो ते विचारणाऱ्यावर भरवसा असेल तरच. या शहरात तो प्रश्न तेलुगूत, दखनीत, आपल्या मराठीत, कधी तिन्हींच्या खिचडीत विचारावा लागतो. जिथे 'नक्को' हा आपलाच शब्द दखनीने उचलून घरचा करून टाकला, तिथे एवढे जमायला हरकत नाही.

माझे मत विचाराल तर असे ॲप हे चालत्या यंत्रणेला लावलेले वंगण आहे. यंत्रणाच नसेल तर वंगण कशाला लावणार? पुढच्या वेळी ते घ्यायला सांगितले, तर घेण्याआधी विचारा: तपासणी उद्या मिळेल का? घरी बसलो तर रोजी कोण भरून देईल? नोंद माझ्या फोनात राहणार की दुसरीकडे, आणि ती पुसली जाईल हे कोण तपासणार? हे आताच विचारून ठेवायला हवे, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यात, साथीच्या वेळी आरोग्यसेवेसाठी तुमची माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा ठेवलेली आहे.

आरोग्य सेतूमधली संपर्कशोधाची सोय बंद करून ती माहिती पुसून टाकली आहे, असे सरकारने २०२३ मध्ये सांगितले. ॲप मात्र आहे. आता त्यावरून 'आभा' क्रमांक काढता येतो. ज्यांच्या फोनमध्ये ते २०२० पासून तसेच आहे, त्यांनी घरी गेल्यावर सेटिंगमध्ये जाऊन त्याला ठिकाणाची आणि ब्लूटूथची परवानगी अजून दिलेली आहे का, तेवढे पाहावे. जमत नसेल तर नातवंडांना सांगा, दोन मिनिटांचे काम आहे.