किल्लारीत एक दिवस

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत आली होती. मिरवणुका आटोपून, थकूनभागून माणसं घरी येऊन झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीला मिळाली. सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. तेव्हापासून किल्लारी हे नाव आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण ढिगाऱ्यातून उठलेलं ते गाव आज कसं आहे, हे पाहावं म्हणून अलीकडेच मी नगरहून निघालो.

जामखेड, खर्डा, बार्शी करत लातूर गाठायचं आणि तिथून औशावरून किल्लारी. या वाटेवर, आपल्या जिल्ह्याच्या हद्दीतच, अजूनही काही जुनी धाब्याची घरं दिसतात. दगडाच्या जाडजूड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं छत. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. मराठवाड्यात याच छताला माळवद म्हणतात. किल्लारीची घरंही अशीच होती. म्हणून हा विषय फक्त किल्लारीचा नाही, आपलाही आहे.

जुन्या किल्लारीच्या जागी आज झाडोरा वाढलाय. मधूनच एखादं जोतं, दगडांची रास दिसते. स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला लोक जमतात, गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. त्या दगडांजवळ उभं राहिलं की एक प्रश्न मनात येतो. पिढ्यान् पिढ्या माणसं ज्यांच्या आडोशाला जगली, त्या भिंतींनी असा दगा का दिला?

तज्ज्ञांनी त्याची कारणं नीट सांगून ठेवली आहेत. दोन-अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. एक आतल्या बाजूची, एक बाहेरची. मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच भिंत मधून फुगली, फाटली आणि कोसळली. त्यात छत गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचा थर चढवलेला, म्हणजे डोक्यावर कित्येक टनांचा भार. काही घरांत तर लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या. तेव्हा गुन्हा दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. आणि हा भाग त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता! १९९२ साली इथं लहान-लहान धक्के बसले होते. तेव्हा माणसं काही दिवस बाहेर झोपली, मग पुन्हा घरात गेली.

नवं किल्लारी थोड्या अंतरावर वसलंय. सरळ रस्ते, रांगेतली घरं, प्रत्येकापुढं मोकळी जागा. जागतिक बँकेच्या मदतीनं राबवलेल्या या कार्यक्रमात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार शेतीवर ठरला. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. कागदावर हिशेब चोख होता. पण संसार कागदाएवढा कधी राहतो का? मुलं मोठी झाली, सुना आल्या, नातवंडं आली. मग कुणी पुढं पत्र्याची पडवी काढली, कुणी मागं खोली चढवली, कुणी गोठा बांधला. शिक्क्यातून काढल्यासारखी घरं आता एकमेकांसारखी दिसत नाहीत. मला हे फार आवडलं. सरकारनं घरं दिली, त्यांचं गाव मात्र माणसांनी केलं.

ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, "बाबा, करमतं का इथं?" ते हसले. म्हणाले, "जुन्या गावात हाक मारली की चार घरं बाहेर यायची. आता फोन लावावा लागतो." गाव ऐसपैस झालं, पण शेजार लांब गेला. रस्ते वाढले, तसा त्यांच्या देखभालीचा खर्चही वाढला. हे सारं खरं. तरी पुन्हा जुन्या घरात राहाल का, असं विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जी गावं हलवली नाहीत, तिथल्या घरांच्या दुरुस्तीत आणि मजबुतीकरणात बायका पुढं आल्या. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीनं गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून त्यांनी काम केलं. अनुदान कसं मिळतं, सिमेंट किती लागतं, गवंड्यानं काम नीट केलं का, हे त्या बघू लागल्या. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका कच्छमधल्या बायकांना धीर द्यायला, अनुभव सांगायला गेल्या. काल ज्यांचं घर पडलं, त्या आज दुसऱ्याचं घर उभं करायला निघाल्या. पुनर्वसनाचं याहून मोठं फळ कोणतं?

पण एक काळजी उरतेच. सरकारी घर तपासून बांधलं गेलं. नंतर चढवलेली खोली कोण तपासतं? तिथं पट्टा फिरवला का, कोपरे नीट सांधले का, हे विचारायला कुणी नाही. आठवण पुसट झाली की काळजीही पुसट होते. तीच गत आपल्याकडची. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडच्या खेड्यांत अजून कुठं धाब्याची घरं वापरात असतील. ती पाडायलाच हवीत असं नाही. छतावरचा जास्तीचा मातीचा भार उतरवणं, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणं, भिंतींना चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधणं, ही कामं जाणकाराला विचारून, टप्प्याटप्प्यानं करता येतात. नवं बांधणाऱ्यानं तर गवंड्याला हे आधीच सांगावं. फरशी कोणती आणि रंग कोणता, हे आपण चार-चारदा विचारतो. भिंतीच्या पोटात काय आहे, हे एकदा तरी विचारू या.