वाकळ आणि अंगठा



हस्तव्यवसायावर चार शब्द बोलावेत असे मला कळविण्यात आले, तेव्हा पहिल्याने डोळ्यांसमोर आली पैठणी, मग हिमरू शाल, मग उदगीरच्या पलीकडे बीदरला होणारे बिदरीचे काम. या सगळ्यांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी महाविद्यालयात शिकवणारा माणूस. मला यातले पुस्तकापलीकडचे काही येत नाही. मला जवळून ठाऊक असलेली हस्तकला एकच, आणि तिला कोणी कला म्हणत नाही. ती म्हणजे वाकळ. तेव्हा आज वाकळेविषयी बोलतो. त्याहीपेक्षा, वाकळ शिवणाऱ्या हाताविषयी.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. नोकरीमुळे मी नांदेडला राहतो. खेड्यातल्या श्रोत्यांना वाकळ म्हणजे काय ते सांगायला नको. परंतु शहरात वाढलेले शिक्षक ऐकत असतील, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सुगी संपली, रानातली कामे उरकली, की चैत्र-वैशाखात अंगण सारवून त्यावर जुने लुगडे अंथरायचे. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. लुगड्यावर फाटके धोतर, उसवलेले सदरे, पोरांचे कपडे, जे असेल ते हाताने सारखे करीत पसरायचे. वरून पुन्हा एक धडके लुगडे. मग काठापासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत मध्याकडे यायचे. हे शेवटचे वाक्य मी एका दमात म्हटले. करायला महिना लागतो. पाच-सहा पदर ओलांडून सुई खाली जाते आणि वर येते, आणि असे हजारो वेळा होते.

माझ्या आईची, आम्ही तिला माय म्हणतो, या कामात एक खूण होती. तिचा टाका तांदळाएवढा. इतका बारीक कशाला, असे कोणी विचारले तर म्हणायची, "लांब टाक्यात लेकराच्या पायाचं बोट अडकतंय. रातच्याला लेकरू रडत उठतंय." सौंदर्यशास्त्रावर मी बरेच वाचले आहे, वर्गात शिकवतोही, त्यात इतके नेमके कारण मला फारसे भेटले नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी शाळकरी होतो. किल्लारी आमच्याच तालुक्यातले. तो हिवाळा आम्ही पत्र्याखाली काढला. बाहेरगावाहून मदतीचे कपडे येत. देणाऱ्यांनी चांगल्या मनाने दिलेले, पण त्यात कोट, तंग विजारी, झालरींचे फ्रॉक. खेड्यातल्या बाईने ते कुठे घालावेत? रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पडून राहत. मायने ते वेचून आणले, बटणे काढली, शिवणी उसवल्या आणि वाकळा शिवायला घेतल्या. ज्यांच्या घरातले माणूस गेले होते त्यांना आधी. टेरीकॉटच्या विजारीतून सुई जात नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. ती सुईचे टोक टेकवायची आणि अंगठा आत दुमडून जोर लावायची. शिंप्याकडचे अंगुस्तान कोणीतरी आणून दिले होते. तिने ते दोन दिवस घातले आणि ठेवून दिले. म्हणाली, "बोटाला कापड कळंना गेलंय."

आता दुखण्याकडे येतो. ते एकदम आले नाही. अलीकडे, मायने साठी ओलांडल्यावर, घरात लहान लहान गोष्टी बदलू लागल्या. लोणच्याच्या बरणीचे झाकण ती नातवाकडून उघडून घेऊ लागली. धुणे नीट पिळले जाईना. भाकरी थापताना मधेच हात पदराखाली घेई. आम्हाला वाटले, वय झाले. एका दिवाळीला मी गावी गेलो, तर पहाटे ती ओसरीवर बसून सुईचे बूड उजव्या तळहाताच्या टाचेने ढकलीत होती. अंगठा कामातून गेलेला, आणि ही युक्ती तिने आमच्यापासून लपवून काढलेली. मी म्हटले, "माय, काय करायलीस हे?" तर वाकळ बाजूला सारून म्हणाली, "काय न्हाई, उगं बसलेय."

मी तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेले. तिथे हात पाहायला दोन मिनिटे लागली. "आजी, आता शिवणकाम बंद. पुष्कळ केलंत," एवढे ऐकून आम्ही गोळ्या घेऊन बाहेर पडलो. आणि मी काय केले? घरी येऊन सुया, दाभण, दोऱ्यांची रिळे एका डब्यात घातली आणि डबा कपाटात ठेवून किल्ली बरोबर घेऊन नांदेडला आलो. मातृभक्तीच केली, असे मला वाटत होते.

दुखणे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु बायका कापडाची गाठोडी घेऊन येत आणि माय त्यांना दारातूनच सांगे, "पोरानं हाताला कुलूप लावलंय." हे मला शेजाऱ्यांकडून कळले. दुपारी तिच्याभोवती बसणाऱ्या चार जणी येईनाशा झाल्या. कारण त्या बोलायला येत होत्या तरी निमित्त वाकळेचे होते. पाच-सहा महिन्यांनी मी गेलो, तर माय भिंतीकडे तोंड करून निजलेली. भर दुपारी. तिला दुपारी निजलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

मग मला जे आधी करायला हवे होते ते मी उशिरा केले. दुखणे समजून घेतले. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक छोटा सांधा आहे. खोगिरावर खोगीर पालथे ठेवावे तशी त्याची घडण. अंगठा चारी बाजूंना फिरतो तो या सांध्यामुळे. अभ्यासकांनी हिशेब केला आहे की चिमटीत आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या सुमारे बारापट भार या सांध्यावर पडतो. म्हणजे सुई एक किलोच्या जोराने दाबली, तर तिथे बारा किलो. आणि हे तांदळाएवढ्या टाक्याने, चाळीस वर्षे! सांध्यातली गुळगुळीत कूर्चा झिजते, हाडाला हाड लागते. चाळिशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांत, हे अधिक आढळते.

सगळी हातदुखी मात्र एक नसते, आणि घरोघरी इथेच चूक होते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवले आणि अंगठ्याकडच्या बाजूला कळ गेली, तर सांधा नव्हे, स्नायूची दोरी सुजलेली असण्याचा संभव. द क्वेर्वाँ या स्विस शल्यवैद्याने 1895 साली याचे वर्णन केले. हे पुष्कळदा विश्रांतीने व पट्टीने बरे होते. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होतात, हात झटकला की बरे वाटते. तर मनगटात नस दबली आहे असे समजावे. ते दुखणे अंगावर काढू नये. फार दिवस गेले तर अंगठ्याखालचा मांसल भाग वाळतो आणि मग शस्त्रक्रियेनेही गेलेली ताकद सगळी परत येईल असे नसते. सकाळी दोन्ही हातांची बोटे तासभर ताठ राहतात, सांधे सुजतात, तो संधिवात आणखी निराळा. कोणते दुखणे ते डॉक्टरांनी नीट पाहून ठरवावे. पण पाहून ठरवावे, दोन मिनिटांत नव्हे.

हातांच्या दुखण्याची ही हकीकत जुनी आहे. इटलीत रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कारागिरांच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ 1700 साली निघाला; 1713 च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या हातांवरही लिहिले. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला, त्याने डावा हात तयार केला, आणि काही काळाने डाव्यालाही तेच झाले. हे वाचताना मला गांधीजी आठवले. नोव्हेंबर 1909 मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर त्यांनी 'हिंद स्वराज्य' लिहिले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. 275 पानांपैकी सुमारे 40 पाने डाव्या हाताची आहेत. त्यांना डावा हात साथ देत राहिला. सगळ्यांचे नशीब तसे नसते.

गांधीजींचे नाव निघाले म्हणून सांगतो. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, आणि ध्वजाची खादी उदगीरला विणली जाते, याचा आपल्या दोन्ही जिल्ह्यांना अभिमान आहे. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली व यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे कापडही ध्वजाला चालू लागले. त्यावर पुष्कळ वादविवाद झाला, रोजगाराची काळजी व्यक्त झाली, ती रास्तच. मात्र दिवसभर चरख्याचे हँडल फिरवणाऱ्या बाईच्या खांद्याचा नि मनगटाचा उल्लेख मला त्या चर्चेत कुठे आढळला नाही. कदाचित माझ्या वाचनातून सुटला असेल.

शिक्षक मित्रांना इथे एक सांगावेसे वाटते. कार्यानुभवाच्या तासाला मुले शिवतात, विणतात. सुई किंवा पेन्सिल घट्ट आवळून धरणारे मूल चटकन ओळखू येते. त्याची नखे पांढरी पडतात. त्याला तिथेच थांबवून पकड सैल करायला शिकवावे. माझ्या मायला हे कोणी सांगितले नाही. तिची आई तशीच धरीत होती.

फ्रान्समधले चित्रकार रेन्वार यांना उतारवयात संधिवाताने गाठले. बोटे तळहातात वळली. हाताला जखमा होऊ नयेत म्हणून कापड गुंडाळीत, दुसऱ्या कोणी कुंचला बोटांत बसवून देई, आणि ते 1919 साली मरेपर्यंत रंगवीत राहिले. शिल्पे करायची तर 1913 पासून गीनो नावाच्या तरुण शिल्पकाराचे हात त्यांनी वापरले. हे सांगत, तो माती लावी. ही गोष्ट मी मायला सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारले, "त्येच्या घरी भाकरी कोण थापत होतं?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आमच्याकडच्या बाईचा हात वाकळेच्या आधी भाकरीला, धुण्याला, खुरप्याला झिजलेला असतो. हौसेचे काम बंद करा म्हणणे सोपे; बाकीची कामे कोणी बंद केली नाहीत. मीही नाही. कुलूप लावले ते तिला आवडणाऱ्या एकट्या कामाला.

दुसऱ्या डॉक्टरांनी अंगठ्याला आधार देणारी पट्टी दिली, कोमट पाण्यात हात बुडवून हलवायला सांगितले, धुणे-भाकरी कमी करा म्हणाले, आणि अर्धा तास शिवून थांबा म्हणाले. मी डबा उघडून दिला. श्रोत्यांना वाटेल, आता गोष्ट गोड झाली. तसे झाले नाही. माय चार दिवस शिवायला बसली आणि पाचव्या दिवशी तिने आपण होऊन सुई ठेवली. पट्टी बांधून टाका तांदळाएवढा येईना, आणि मोठा टाका घालायला ती तयार नव्हती. धाकट्या भावाची बायको शिकते आहे. माय कापड लावून देते, रंग सांगते, दोघींचे टाक्यावरून खटके उडतात. पण स्वतःचे शिवणे तिने सोडले. मी सोडायला लावणे आणि तिने सोडणे यात फरक आहे, हे तिच्या दुपारच्या निजण्यावरून मला कळते. आता ती निजत नाही.

एक वाकळ अर्धी राहिली होती. मध्यभागी दोन वीत जागा उरलेली. गेल्या उन्हाळ्यात मी सुटीवर गेलो असता ती मायने माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "लेका, डबा तू लपवलास, आता तूच पुरी कर." एम. ए. झालेला माणूस आठ दिवस वाकळ शिवीत बसला. गल्लीतल्या बायका पाहून गेल्या. माझा अंगठा दुसऱ्या दिवशीच ठणकू लागला. पुरी झाल्यावर मायने ती मांडीवर घेतली, डाव्या हाताचा तळवा माझ्या टाक्यांवरून हळूहळू फिरवला आणि सुनेला म्हणाली,

"ही अंथरायला ठेव गं. पांघरायला नको. लेकराच्या पायाचं बोट अडकंल."