विजयादशमी : विजय कोणाचा, कोणावर?

(दसऱ्याच्या पूर्वसंध्येस विहारात केलेले भाषण)



दसरा उद्यावर आला आहे. ज्या घरांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्या घरांत आज एकच प्रश्न विचारला जात आहे. आजवर आपण घट बसवीत होतो, आपट्याचे सोने वाटीत होतो. आता काय करावयाचे? वडील माणसे म्हणतात, वाडवडिलांची चाल एकाएकी मोडली तर घराचे वाईट होईल. तरुण म्हणतात, त्या दिवसाकडे पाहूही नये. भयाने धरलेली चाल आणि संतापाने टाकलेली चाल, या दोन्ही विचारावाचूनच्या होत. म्हणून हा सण मुळात काय आहे, ते प्रथम नीट समजून घेऊ.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस मातीत धान्य पेरून त्यावर घट ठेवतात. ते धान्य नऊ दिवसांत उगवते आणि दहाव्या दिवशी त्याचे तुरे लोक पागोट्यात, टोपीत खोवतात. यात शेतकऱ्याचा आनंद उघड दिसतो. पाऊस सरत आलेला असतो, खरिपाचे पीक हाताशी आलेले असते. नद्यांचे पाणी उतरून वाटा मोकळ्या झाल्या की राजे-सरदार मोहिमेस निघत. त्यातून शस्त्रपूजा आणि सीमोल्लंघन आले. या ऋतूच्या सणाशी पुराणकथा जोडल्या गेल्या. रामाने रावणास मारले तो हा दिवस, देवीने महिषासुरास मारले तो हा दिवस, असे सांगतात. पांडवांनी अज्ञातवासात शमीच्या झाडावर शस्त्रे लपविली, म्हणून शमीचे पूजन. वरतंतू ऋषींनी चौदा विद्यांबद्दल कौत्स या शिष्याकडे चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. त्या देण्यासाठी रघुराजा कुबेरावर चालून जाण्यास सिद्ध झाला, तेव्हा कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. म्हणून आपट्याचे पान हे सोने.

आता या कथांना आपण दोन प्रश्न विचारू. यातला विजय कोणाचा व कोणावर? आणि या सणात आपले स्थान कोठे?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. हा विजय शस्त्राचा आहे. कोणी तरी मारला गेल्यावाचून तो पुरा होत नाही. दुसऱ्याचे उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर सोसले आहे. कौत्सापाशी गुरूला देण्यास सोने नव्हते, पण गुरूचे दार त्यास उघडे होते. आपल्या पूर्वजांस ते दारच बंद होते. अनेक गावांत दसऱ्यास रेडा मारण्याची चाल होती आणि त्या कामातील कष्टाचा भाग महारांकडे असे. त्यास 'मान' म्हणत. ज्या मानाने मनुष्य देवळाच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही, तो मान नव्हे. ती वेठ होय. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. पण वतन कागदावरून गेले म्हणजे मनातूनही जाते असे नाही. ते मनातून काढणे हे आपले काम आहे.

मग हा दिवस टाकून द्यावा काय? येथे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त ध्यानी घ्यावे. राजगृहात सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांस हात जोडीत होता. भगवंतांनी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की, पित्याने मरतेसमयी तसे सांगितले होते. भगवंतांनी त्याचा उपहास केला नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी, आणि वरची म्हणजे श्रमण व ब्राह्मण. यांच्याशी नीट वागणे हीच दिशांची पूजा. हात जोडणे सोपे होते. आता आचरण आले.

बाबासाहेबांनी दसऱ्याच्या बाबतीत हेच केले. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी दसरा होता. त्या दिवशी नागपूर येथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांस स्वतः दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. हा दिवस आपण अशोक विजयादशमी म्हणून ओळखतो. कलिंगाच्या युद्धात दीड लाख लोक धरून नेले गेले आणि एक लाख मारले गेले, असे सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरून ठेवले आहे. त्याबद्दल त्याने पश्चात्ताप व्यक्त केला आणि धम्माचा विजय हाच श्रेष्ठ विजय, असे सांगितले. त्या लेखात तिथी नाही, पण या दिवसाचा अर्थ आहे. जिंकून पस्तावलेला राजा आणि दास्य झुगारून उठलेला समाज या दिवशी एकत्र आले. खरे सीमोल्लंघन ते होते. गावाच्या शिवेबाहेर ज्यांस राहावे लागले, त्यांनी त्या दिवशी मनाची शीव ओलांडली.

म्हणून उद्या घर झाडून स्वच्छ करा. सर्वांनी एकत्र बसून त्रिशरण-पंचशील घ्या आणि बावीस प्रतिज्ञा अर्थासह वाचा. मुलांस आजोबांचे दिवस सांगा, पण वैर शिकवू नका. घटाचा आणि नैवेद्याचा जो खर्च वाचेल, तो मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी वेगळा ठेवा. कौत्साच्या कथेपेक्षा ती दक्षिणा मोठी आहे. गावाने वर्गणी मागितली, तर नम्रपणे नाही म्हणा. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकास सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. शेजाऱ्याचे मूल आपट्याचे पान घेऊन आले, तर त्याचा हात झिडकारू नका. पूजा आपण करणार नाही; परंतु मैत्री आपण नाकारीत नाही. प्रतिज्ञा आपण स्वतःस बांधून घेण्यासाठी घेतल्या आहेत, दुसऱ्यास दुखविण्यासाठी नव्हे.

शेवटी माता-भगिनींस दोन शब्द. घट न बसविल्यास देवीचा कोप होईल, असे भय तुमच्यापैकी कित्येकींस वाटते. आई, तू आयुष्यभर घट बसविलेस, उपवास केलेस. तरी रोगराई आली, दुष्काळ आला आणि पाणवठ्यावरून तुला हाकलले गेले. जे घडले ते कोपाने घडले नाही. अज्ञानाने, दारिद्र्याने आणि माणसांच्या अन्यायाने घडले. त्यावर उपाय शाळा, संघटना आणि शील हाच आहे. ते भय उद्या आपल्या उंबरठ्याबाहेर ठेवा. विजयादशमीचा तोच पहिला विजय होईल.

नमो बुद्धाय. जय भीम.