घरचा सर्व्हर, दूरचा पडदा



१० सप्टेंबर १९३५ रोजी म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 'विठ्ठल विहार' या आपल्या राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव त्यानंतर, १९३६ साली आलं. 'आकाशवाणी' हे नाव मात्र या घरातल्या केंद्राचं. पुढे ते साऱ्या देशानं घेतलं. घरातल्या खोलीत यंत्र बसवून दूरच्या माणसाशी नातं जोडायचं, हे या शहरात तेव्हाच घडलं होतं.

आज मी बोलणार आहे ते घरातल्याच एका यंत्राबद्दल. म्हैसूरमध्ये वर्षानुवर्षं राहिलेली मराठी कुटुंबं आहेत. आईवडील इथे, एक मूल पुण्यात, दुसरं परदेशात. आजीच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं, लग्नांचे फोटो, घराची कागदपत्रं आता स्कॅन होऊन डिस्कवर असतात. ती दरमहा भाडं भरून परक्या कंपनीच्या कोठारात ठेवण्यापेक्षा घरच्याच छोट्या सर्व्हरवर ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे. त्याला मोठं यंत्र लागत नाही. जुना लॅपटॉप चालतो, रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक चालतो. तो कपाटावर किंवा राउटरशेजारी पडून राहतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउसही नाही; लॅपटॉप असला तर तो मिटलेला. अशा संगणकाला हेडलेस म्हणतात. काम करायचं ते दुसऱ्या संगणकावरून, नेटवर्कमधून.

इथे पहिली अडचण येते ती पडद्याचीच. मॉनिटर जोडला की तो केबलमधून संगणकाला आपली ओळख सांगतो: मी अमुक बनावटीचा, माझ्यावर इतक्या रुंदीचं आणि इतक्या उंचीचं चित्र मावतं. ही ओळख मिळाली नाही की काही यंत्रं डेस्कटॉप अगदी लहान आकारात उभा करतात आणि काही तो उभाच करत नाहीत. मग दूरवरून जोडणी होते, पण समोर काळा चौकोन. माणूस पासवर्ड तपासत बसतो, आणि पासवर्डचा तिथे काही संबंधच नसतो.

म्हणून आधी हे समजून घ्यावं की दूरवरून डेस्कटॉप दाखवणारी साधनं दोन तऱ्हेची असतात. एक तऱ्हा आहे ते चित्र उचलून पाठवणारी. पडद्यावर जे असेल तेच तुम्हाला दिसतं, आणि पडदाच नसेल तर पाठवायला काही नसतं. यावर स्वस्त उपाय आहे. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा. त्यात एक चिप असते आणि ती मॉनिटरची ओळख सांगते. संगणकाला वाटतं मॉनिटर जोडलेला आहे, आणि चित्र तयार होतं. दुसरी तऱ्हा आपल्यासाठी स्वतंत्र पडदा स्मृतीतच तयार करणारी. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप असं चालतं. त्याच्या मागचा आरडीपी हा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टनं १९९८ साली विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हरबरोबर आणला. लिनक्सवर एक्सआरडीपी हेच काम करतं. विंडोजच्या होम आवृत्तीत मात्र यजमान होण्याची सोय नाही, त्याला प्रो आवृत्ती लागते. जुना लॅपटॉप बाहेर काढण्याआधी एवढं पाहून घ्यावं.

व्हीएनसी हे तिसरं परिचित नाव. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत ते घडलं. ते दोन्ही तऱ्हांनी वापरता येतं: चालू पडदा दाखवायला, किंवा लिनक्सवर नवा आभासी पडदा उभारायला. त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात. तुम्ही वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवून निर्धास्त झालात तरी उरलेल्या बारांचा उपयोग शून्य. म्हणून व्हीएनसी उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नये.

आणि आरडीपीही ठेवू नये. २०१९च्या मे महिन्यात आरडीपीत इतकी गंभीर त्रुटी सापडली की मायक्रोसॉफ्टनं पाठिंबा कधीच थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पासवर्ड माहीत नसतानाही त्या त्रुटीतून यंत्रात शिरता येत होतं. तरी आजही हौशी मंडळी राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचा पोर्ट उघडतात आणि काम झालं म्हणतात. असं करणं म्हणजे रात्री घराचं रस्त्याकडचं दार उघडं टाकून झोपणं. जगभरातले स्वयंचलित प्रोग्रॅम असे पोर्ट दिवसरात्र शोधत असतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. बऱ्याच भारतीय जोडण्यांमध्ये घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही. एका पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली असतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर समजावं की आपण त्यातले आहोत. मग पोर्ट उघडूनही बाहेरचा माणूस आत पोचत नाही. लोक राउटर बदलतात, दुकानदाराशी भांडतात, पण दोष राउटरचा नसतो.

दोन्ही अडचणींवर एकच चांगला मार्ग आहे, खासगी बोगद्याचा. असा बोगदा उभारणारं वायरगार्ड नावाचं साधन २०२० साली लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालं. त्याच्यावर उभ्या असलेल्या टेलस्केलसारख्या सेवांमध्ये घरातलं यंत्र स्वतःच बाहेर हाक मारतं, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागत नाही. तुमचा लॅपटॉप आणि म्हैसूरमधला सर्व्हर एकाच घरातल्या नेटवर्कवर असल्यासारखे एकमेकांना दिसतात. रिमोट डेस्कटॉप वापरायचा तो या बोगद्याच्या आत.

पण त्याही आधी एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राला लिखित आज्ञा देण्याचं साधन, चालू करावं. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातले तातू युलोनेन यांनी ते १९९५ साली लिहिलं, आपल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. त्यात चित्र नसतं, नुसती अक्षरं असतात, म्हणून अगदी मंद जोडणीवरही ते चालतं. डेस्कटॉप अडकला, तर एसएसएचमधून तो बंद करून पुन्हा उभा करता येतो. डेस्कटॉप हा एकच मार्ग ठेवलेला असेल, तर तो बिघडल्यावर कोणाला तरी घरी जाऊन मॉनिटर जोडावा लागतो. माझा अनुभव असा की एसएसएच अंगवळणी पडलं की डेस्कटॉप उघडण्याची वेळ क्वचितच येते: फोटो निवडताना, किंवा एखादा प्रोग्रॅम खिडकीशिवाय चालतच नसेल तेव्हा.

मराठी टंकलेखनाबद्दलही सांगतो, कारण इथे पुष्कळजण अडतात. इनस्क्रिप्ट दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी चालू ठेवलं की अक्षरांचा गोंधळ होतो. ते दूरच्या यंत्रावर चालू करावं, आणि समोरच्या यंत्रावर इंग्रजीच राहू द्यावी.

आता विजेबद्दल. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू होतोच असं नाही. मॉनिटर जोडलेला असतानाच बायोसमध्ये जाऊन वीज परत आल्यावर सुरू व्हावं, असा पर्याय निवडावा. रास्पबेरी पाय वीज मिळताच सुरू होतो. सोबत राउटरलाही छोटा यूपीएस द्यावा. सर्व्हर जागा आणि राउटर झोपलेला, तर बाहेरून काहीच करता येत नाही.

सगळं जोडून झाल्यावर परीक्षा घ्यावी, आणि ती घरच्या वायफायवरून घेऊ नये, तिथे सगळंच चालतं. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडावा. सर्व्हर सुखरूप बंद करून, त्याचं बटण न दाबता, भिंतीवरचा स्विच मिनिटभर बंद करून पुन्हा चालू करावा. पाच मिनिटांनी आधी एसएसएच, मग डेस्कटॉप उघडून पाहावा. दोन्ही उघडले, की मॉनिटर काढून दुसऱ्या कामाला लावायला हरकत नाही.